बीजपरीक्षा : उज्जैनच्या दत्तकविधानापासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत

मूल होत नसलेल्या जोडप्यात पुरुषाचीही तपासणी व्हावी, ही गोष्ट आजच्या वैद्यकात इतकी गृहीत धरलेली आहे की तिला स्वतंत्र इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास आहे, आणि मराठी मुलखात, तसेच मराठी सत्तेखाली दीर्घकाळ राहिलेल्या माळव्यात, तो बराचसा टाळाटाळीचा इतिहास आहे. शुक्राणूतील डीएनए, म्हणजे आनुवंशिक मजकूर वाहणारा रेणू, शाबूत आहे की तुटलेला, हे पाहणारी चाचणी या इतिहासाच्या अगदी अलीकडच्या टोकाला येते. परंतु ती इतक्या उशिरा का आली आणि येताच तिला इतके वजन का मिळाले, हे मागे गेल्याशिवाय उलगडत नाही.

उज्जैनच्या दक्षिणेकडे, इंदूरच्या रस्त्यावर, बसस्थानकामुळे ओळखला जाणारा नानाखेडा हा भाग नव्या शहराचा आहे. महाकाळ आणि गोपाळ मंदिर यांच्याभोवतीचे जुने उज्जैन मात्र शिंद्यांचे उज्जैन होय. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी येथे ठाणे केले आणि १८१० च्या सुमारास दौलतरावांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवीपर्यंत ही शिंद्यांची राजधानी होती. गोपाळ मंदिर हे दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेले आहे. या घराण्याचा वारसाहक्क पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. १७९४ मध्ये महादजी वारले तेव्हा औरस पुत्र नव्हता आणि भावाचा नातू दौलतराव गादीवर आला. १८२७ मध्ये दौलतराव वारले तेव्हाही पुत्र नव्हता आणि बायजाबाईंनी जनकोजीला दत्तक घेतले. १८४३ मध्ये जनकोजी वारले आणि त्यांच्या पत्नी ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. पन्नास वर्षांत गादी तीन वेळा बदलली आणि तिन्ही वेळा पोटचा मुलगा नव्हता. यावरून कोणाच्या शरीराविषयी निदान करणे गैर ठरेल, कारण पुत्र नसणे म्हणजे अपत्य नसणे नव्हे आणि महादजींना तर मुलगी होती. लक्षात घेण्याजोगे आहे ते इतकेच की व्यवस्थेकडे उपाय तयार होता. दत्तकविधान होते, आणखी एक लग्न करण्याची मुभा होती, नवस होते. आणि उपाय हाताशी असला की कारण शोधण्याची निकड उरत नाही. सरदारघराण्यांपासून सामान्य कुणब्याच्या घरापर्यंत हीच रीत होती, आणि तिचा भार अर्थातच स्त्रीवर पडत असे, कारण आणखी एक लग्न पुरुषाचे होत असे.

असे असूनही पुरुषाची परीक्षा हा विचार येथे नवा नव्हता. नारदस्मृतीच्या विवाहप्रकरणात वराचे पुरुषत्व पारखून मगच कन्या द्यावी असे सांगितले आहे, नपुंसकतेचे चौदा प्रकार गणले आहेत आणि परीक्षेच्या खुणाही दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की रेत पाण्यात टाकून ते तरंगते की नाही हे पाहावे आणि त्यावरून पुरुषत्व ठरवावे. कसोटी म्हणून तिचा उपयोग शून्य असला, तरी नमुना घ्यावा, त्याच्यावर काहीतरी क्रिया करावी आणि दिसेल त्यावरून निर्णय द्यावा, हा प्रयोगशाळेचा सांगाडा तिच्यात पुरता आहे. आयुर्वेदाने याहून पुढे मजल मारली. सुश्रुताच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्रशोणितशुद्धीवरच आहे. शुद्ध शुक्र स्फटिकासारखे, द्रव, स्निग्ध आणि मधाच्या गंधाचे असते, असे तेथे म्हटले आहे आणि दूषित शुक्राचे आठ प्रकार वर्णिले आहेत, ज्यांत गाठी झालेले, पुवासारखे, क्षीण झालेले अशा अवस्था येतात. चरकाच्या चिकित्सास्थानातही आठ दोष आहेत: फेसाळ, पातळ, रूक्ष, विवर्ण वगैरे. आजच्या वीर्यतपासणीच्या अहवालात रंग, दाटपणा, द्रव होण्यास लागलेला वेळ आणि पूपेशी ही सदरे आजही पहिल्या पानावर असतात, हे पाहिले म्हणजे त्या जुन्या निरीक्षकांना डोळ्यांनी आणि नाकाने जितके कळण्यासारखे होते तितके कळले होते, असेच म्हणावे लागते. ज्ञान ग्रंथात होते. घराघरांत मात्र परीक्षा सुनेचीच होत राहिली.

डोळ्यापलीकडचे दिसले ते १६७७ मध्ये, हॉलंडमधील डेल्फ्ट गावी, जेव्हा कापडाचा व्यापारी लेवेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली वीर्यातील वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. त्यानंतरची अडीचशे वर्षे या विषयाच्या दृष्टीने फारशी फलदायी नाहीत. विसाव्या शतकात रक्तपेशी मोजण्याची रेघांची काच शुक्राणू मोजण्यासाठी वापरात आली आणि तेव्हापासून 'काउंट' हा शब्द रूढ झाला, जो मराठी घरांतही आज कुजबुजत का होईना सर्रास उच्चारला जातो. १९५१ मध्ये अमेरिकेत मॅक्लाउड आणि गोल्ड यांनी अपत्य असलेल्या हजार आणि मूल न झालेल्या विवाहांतील हजार पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली, आणि तिच्यातून मिलिलिटरला दोन कोटी शुक्राणू ही रेषा वैद्यकात पक्की झाली. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेत १९८० पासून वावरली आणि २०१० च्या आवृत्तीत दीड कोटीवर आली. हा दीड कोटीचा आकडा तीन खंडांतील आठ देशांच्या पुरुषांवरून काढलेला होता आणि त्या आठांत भारत नव्हता. तरी मुंबईपासून माळव्यापर्यंत प्रत्येक छापील अहवालाच्या उजव्या रकान्यात तोच 'नॉर्मल' म्हणून बसला.

मराठीत या विषयावर उघड लिहिण्याची वाट पाडली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी त्यापायी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. कर्व्यांचा मुख्य विषय मूल नको असणाऱ्यांचा होता. परंतु वीर्य, शुक्राणू, गर्भधारणा या गोष्टी शरीरशास्त्राच्या कोरड्या स्वरात, लाज किंवा धर्म मध्ये न आणता, मराठीत मांडता येतात हे त्यांनी दाखविले नसते तर पुढच्या दवाखान्यांना रुग्णाशी बोलायला भाषा शोधावी लागली असती.

नियमनाकडून वंध्यत्वाकडे जाणारा हाच रस्ता संस्थेच्या पातळीवरही दिसतो. १९५४ मध्ये मुंबईत गर्भनिरोधक साधने तपासणारा एक विभाग स्थापन झाला, त्याची १९७० मध्ये प्रजननविषयक संशोधनाची स्वतंत्र संस्था झाली, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली ती परळला केईएम रुग्णालयाच्या शेजारी आजही आहे. लोकसंख्या कमी करण्याच्या हेतूने जन्मलेल्या या संस्थेत शुक्राणूचा अभ्यास आधी सुरू झाला तो त्याला अडवायचे कसे यासाठी. अडविण्यासाठी जी माहिती गोळा झाली तीच उलट बाजूने उपयोगी पडली. संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते साधले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. या प्रकरणात व्यवस्थेने केलेला अन्याय विसरण्यासारखा नाही, पण तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. उज्जैनची जोडपी परळला रात्रभराच्या गाडीने पोहोचू शकत, आणि माळव्यात इंदूर जवळ असले तरी दीर्घकाळ या कामासाठी मुंबई हाच शेवटचा शब्द मानला जात असे.

आता ज्या रेणूविषयी हे सर्व आहे त्याकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या इतिहासात एक विलक्षण उलटापालट आहे. डीएनए हा पदार्थ शास्त्रज्ञांना शुक्राणूंतूनच नीट हाती लागला. स्वित्झर्लंडच्या फ्रीड्रिश मीशर याने १८६९ मध्ये जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातून 'न्यूक्लीन' वेगळे केले खरे, पण त्याला शुद्ध आणि भरपूर माल मिळाला तो बासेलला ऱ्हाइन नदीतून चढून येणाऱ्या सामन माशांच्या वीर्यात; १८७४ मध्ये त्याने त्यातील प्रथिनाला प्रोटॅमिन असे नावही दिले. म्हणजे शुक्राणू हा जवळजवळ सारा केंद्रकाचा बनलेला असतो आणि त्यात हा रेणू एका विशिष्ट प्रथिनाला बिलगून असतो, हे तेव्हाच कळले होते. तरीही वंध्य पुरुषाच्या शुक्राणूतील तो रेणू अखंड आहे काय, हा प्रश्न विचारला जाण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. कारण साधे आहे: संख्या, हालचाल आणि आकार हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते, आतले दिसत नव्हते, आणि जे दिसते तेच महत्त्वाचे असे मानण्याची सवय शास्त्रालाही असते.

आतले का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी बांधणी पाहावी लागते. माणसाच्या शुक्राणूतील २३ गुणसूत्रांचा डीएनए उलगडला तर सुमारे एक मीटर भरतो, आणि तो चार-पाच मायक्रोमीटर लांबीच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या डोक्यात मावतो. इतर पेशींत हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू पक्व होताना ही रिळे बहुतांशी काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटॅमिन बसते, ज्यामुळे धागा घट्ट चकत्यांत दुमडला जातो आणि गंधकाच्या दुव्यांनी आवळला जातो. हा बदल होत असताना धाग्याला मुद्दाम चिरा पाडल्या जातात आणि त्या नंतर सांधल्या जातात. सांधण्याचे काम अपुरे राहिले, किंवा आवळणी सैल राहिली, तर पुढे शिसे-तंबाखूपासून तापापर्यंत कोणत्याही ताणाने धागा तुटतो. पक्व शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. जे काही दुरुस्त व्हायचे ते फलनानंतर स्त्रीबीज करते, आणि त्याचीही ताकद स्त्रीच्या वयाबरोबर घटते. यातून एक अवघड वस्तुस्थिती निघते, ती अशी की ज्याची संख्या आणि हालचाल दोन्ही उत्तम आहेत असा शुक्राणू बीजापर्यंत पोहोचून त्यात शिरूही शकतो आणि तरी त्याने आणलेला मजकूर फाटलेला असू शकतो.

१९८० मध्ये, ज्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची वीर्यतपासणीची पहिली पुस्तिका निघाली त्याच वर्षी, अमेरिकेतील डोनाल्ड इव्हेन्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात या प्रश्नाला हात घातला. त्यांची युक्ती अशी: शुक्राणूंना उष्णता, आणि नंतरच्या पद्धतीत आम्ल, देऊन ताण द्यायचा, जेथे धागा आधीच तुटका आहे तेथे त्याचे दोन पदर सुटतात, मग अ‍ॅक्रिडीन ऑरेंज नावाचे रंगद्रव्य घालायचे, जे जुळलेल्या दोन पदरांवर हिरवे आणि सुट्या पदरावर लाल चमकते, आणि लेसरसमोरून एकेक शुक्राणू सोडून हजारो शुक्राणूंचे रंग यंत्राने मोजायचे. लाल चमकणाऱ्यांची टक्केवारी म्हणजे डीएनए विखंडन निर्देशांक, ज्याला दवाखान्यात डीएफआय म्हणतात. ही पद्धत बैलांच्या वीर्यावरही वापरली गेली, कारण पशुपैदाशीत कोणत्या बैलापासून गाई गाभण राहतात याची नोंद माणसांपेक्षा कितीतरी चोख ठेवलेली असते.

पुढच्या दोन-अडीच दशकांत आणखी तीन मार्ग निघाले. १९८४ मध्ये स्वीडनमध्ये सुचलेल्या आणि १९८८ मध्ये नरेंद्र पी. सिंग या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत अल्कलीत सुधारलेल्या 'कॉमेट' चाचणीत पेशी जेलीत बसवून विजेच्या प्रवाहात ठेवतात, तेव्हा तुटके तुकडे धूमकेतूच्या शेपटीसारखे बाहेर ओढले जातात. सिंग आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी मानवी शुक्राणूंत अल्कलीत उकलणाऱ्या जागा मुळातच खूप असतात असे दाखविले, त्यामुळे थोडी शेपटी निरोगी पुरुषातही असते. १९९२ च्या टनेल चाचणीत तुटलेल्या टोकांना एन्झाइमच्या साहाय्याने खूण जोडतात. २००३ मध्ये स्पेनमधील फर्नांडेझ, मुरिएल आणि सहकाऱ्यांनी मांडलेली वलयचाचणी मात्र लेसरयंत्राशिवाय, साध्या सूक्ष्मदर्शकावर होते, आणि म्हणूनच ती छोट्या प्रयोगशाळांत सर्वाधिक रुजली.

ती करणाऱ्या तंत्रज्ञाचे काम पाहिल्यास आकड्यामागचे हात दिसतात. नमुना रुंद तोंडाच्या डबीत येतो, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून द्रव होऊ देतात, त्यातील थोडा भाग कोमट अ‍ॅगरोज जेलीत मिसळून काचपट्टीवर थेंब टाकतात, वर झाकणकाच ठेवून पट्टी शीतपेटीत पाचएक मिनिटे गोठवतात. मग आम्लाच्या द्रावणात सात मिनिटे, प्रथिने धुऊन काढणाऱ्या द्रावणात वीस-पंचवीस मिनिटे, पाण्यात आणि नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये बुडवून सुकवतात आणि रंग देतात. ज्याचा धागा अखंड असतो त्याचा प्रथिनमुक्त डीएनए बाहेर पसरून डोक्याभोवती मोठे वलय बनवतो. तुटलेल्याचे वलय लहान असते किंवा दिसतच नाही. येथे वलय म्हणजे आरोग्य आणि कॉमेटमध्ये पसारा म्हणजे बिघाड, हा उलटा अर्थ नवशिक्यांना चकवतो. निदान तीनशे शुक्राणू मोठे, मध्यम, छोटे वलय आणि वलय नसलेले अशा वर्गांत डोळ्याने मोजून टक्केवारी काढतात, आणि मध्यम की छोटे, हा निर्णय करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. तीनशेपैकी पंच्याहत्तर बिघडलेले आढळले तर अहवालात २५ टक्के लिहितात, पण केवळ मोजणीच्या नशिबाने खरा आकडा वीस ते तीसच्या दरम्यान कोठेही असू शकतो. त्यामुळे एका महिन्यात २७ आणि पुढच्या महिन्यात ३१ आला म्हणून नवरा-बायकोने घाबरून जाणे किंवा औषध लागू पडले नाही असे ठरविणे दोन्ही निराधार आहेत. त्यात नमुन्याआधी किती दिवसांचा संयम होता, नुकताच ताप येऊन गेला काय, यानेही फरक पडतो. तीस टक्के ही रेषा इव्हेन्सन यांच्या पद्धतीतून आली. ती वलयचाचणीच्या अहवालावर तशीच छापणे म्हणजे वेगळ्या मापाने मोजून जुन्या मापाचा निर्णय देणे होय, आणि असे अहवाल दुर्मीळ नाहीत.

या चाचणीला इतके महत्त्व मिळण्याचे कारण १९९२ मधील ब्रसेल्सच्या शोधात आहे. जान्पिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची इक्सी पद्धत यशस्वी केली, आणि त्यासरशी संख्या व हालचाल यांचा अडसर गळून पडला. निसर्गाची गाळणी बाजूला सारून माणूस शुक्राणू निवडू लागला, तेव्हा निवडलेल्याच्या आत काय आहे, ही विचारणा टाळता येईना. काही ठिकाणी या विचारणेचा बाजार झाला, हेही म्हणणे भाग आहे: पहिल्या भेटीतच डीएफआय, त्यावरून अँटिऑक्सिडंट गोळ्यांची लांब यादी आणि पुन्हा डीएफआय, असा क्रम शास्त्रापेक्षा खिशाला सोयीचा असतो. अमेरिकन मूत्ररोग आणि प्रजनन संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्राथमिक तपासणीत ही चाचणी करू नये असे सांगितले आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत तिचा विचार करावा, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत डीएनए विखंडनाला प्रथमच स्वतंत्र पद्धती दिल्या, पण त्या 'विस्तारित' चाचण्यांत, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःची मर्यादा ठरवावी या अटीसह.

नानाखेड्यासारख्या भागातील जोडप्याच्या बाबतीत एका तांत्रिक बारकाव्यामुळे सारा भूगोल बदलतो. नेहमीच्या वीर्यतपासणीत हालचाल मोजायची असल्याने नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, म्हणून तो शरीराच्या उबेत, आतल्या खिशात धरून नेण्यास सांगतात, आणि त्यामुळे ही तपासणी गावातच करावी लागते. डीएनए चाचणीचे तसे नाही. इव्हेन्सनच्या पद्धतीसाठी नमुना अतिथंड गोठवून दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठविता येतो, कारण शुक्राणू जिवंत असण्याची गरज नसते, धागा तसाच राहण्याची असते. साहजिकच, पुरुष रुग्ण गावातच राहतो आणि त्याचा मजकूर प्रवास करतो. पूर्वी मुंबईला जोडपे जात असे, आता तेथवर जाण्याची गरज नमुन्यापुरती तरी संपली आहे. अहवाल मात्र शेवटी गावातल्याच डॉक्टरने वाचायचा असतो, आणि आकड्यासोबत पद्धतीचे नाव, मोजलेले शुक्राणू आणि प्रयोगशाळेची स्वतःची मर्यादा आली नसेल तर त्याच्या हाती वाचण्यासारखे फार थोडे उरते. डीएफआय खरोखर जास्त आहे असे वारंवार आढळले, तर व्हेरिकोसीलची म्हणजे वृषणकोशातील फुगलेल्या शिरांची तपासणी, तंबाखू सोडणे, संसर्गावर उपचार, आणि संयमाचे दिवस कमी करणे हे विचारात घेतले जाते. धागा वृषणातून बाहेर पडल्यावर अधिवृषणाच्या वाटेत जास्त तुटतो, म्हणून काही जोडप्यांत इक्सीसाठी थेट वृषणातून शुक्राणू काढण्याचा मार्गही वापरतात, तो मात्र शस्त्रक्रियेचा असल्याने शेवटचा.

२०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या सहाय्यक प्रजनन कायद्याने दवाखाने व बँका यांची नोंदणी आवश्यक केली, वीर्यदात्याचे वय २१ ते ५५ ठरविले आणि दात्याच्या रक्ताची संसर्गासाठी तपासणी सक्तीची केली. डीएनए विखंडन त्यात नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या शुक्राणूत विखंडन वाढलेले असते हे सर्वज्ञात असताना वरची मर्यादा ५५ का, याचा खुलासा कायद्यातून होत नाही.

परळच्या संस्थेतील अलीकडचे काम धाग्याच्या तुटण्याच्या पलीकडे गेले आहे. डॉ. नफीसा बालासिनोर यांच्या गटाने, पत्नीला वारंवार गर्भपात होणाऱ्या पुरुषांच्या शुक्राणूंत डीएनएवरील मिथाइल खुणा तपासल्या. या खुणा अक्षरे बदलत नाहीत, कोणता जनुक वाचावा आणि कोणता मिटवून ठेवावा हे ठरवितात, आणि काही जनुकांच्या बाबतीत आईकडून आलेली प्रत व बापाकडून आलेली प्रत यांवर त्या वेगवेगळ्या असतात. २०१२ मध्ये त्यांनी असे दाखविले की ज्यांचा नेहमीचा वीर्य अहवाल पूर्णपणे सामान्य आहे अशा पुरुषांतही एच-१९ नावाच्या जनुकाजवळची ही खूण बिघडलेली आढळते, आणि २०२१ मधील अभ्यासात इतर अनेक जनुकांवर तोच प्रकार मांडला. अशा खुणांची चाचणी अजून दवाखान्यातील नेहमीच्या तपासण्यांचा भाग झालेली नाही.